दक्षिणेकडे उडणारं विमान

कॅनडाच्या आरोग्यसेवेचं कौतुक आपल्याकडे बऱ्याच घरांत पोचलेलं आहे. टोरांटोला किंवा ब्रॅम्प्टनला स्थायिक झालेला भाचा सुट्टीत आला की सांगतो, ‘हेल्थ कार्ड दाखवलं की झालं. बिल नाही, काही नाही.’ भाचा खोटं बोलत नाही. पण त्याच देशात, त्याच कायद्याखाली असा एक मुलूख आहे जिथे ते कार्ड दाखवायला आधी विमानात बसावं लागतं.

नुनावुट हा त्यातला सर्वात मोठा भाग. क्षेत्रफळ वीस लाख चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे साडेसहा महाराष्ट्र मावतील एवढं. लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत ३६,८५८. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. त्यातले बहुसंख्य इन्युइट. २५ वस्त्या, आणि त्यांतल्या कुठल्याही दोन वस्त्यांना जोडणारा रस्ता नाही. संपूर्ण प्रदेशात रुग्णालय एकच, राजधानी इकालुइटमध्ये. बाकीच्या वस्त्यांत छोटी आरोग्य केंद्रं आहेत, ती परिचारिका चालवतात. डॉक्टर अधूनमधून विमानाने येतो. त्याहून मोठं काही लागलं तर पूर्वेकडचा रुग्ण इकालुइटला किंवा थेट ओटावाला, हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावरचा विनिपेगला आणि पश्चिमेकडचा यलोनाइफला किंवा एडमंटनला. ओटावात अशा रुग्णांसाठी लार्गा बॅफिन नावाचं निवासच चालतं. गरोदर बायका, कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांच्यासोबत आलेले नातेवाईक तिथे आठवडेच्या आठवडे मुक्काम करतात.

याचं स्पष्टीकरण म्हणून नेहमी अंतर पुढे केलं जातं. एवढ्या दूर, एवढ्या थोड्या लोकांसाठी, अशा थंडीत दुसरं काय करणार? प्रश्न बिनतोड वाटतो. मला तो तसा वाटत नाही. अंतर खरंच आहे, ते कुणी नाकारत नाही. पण उत्तरेतल्या आदिवासी समाजांना मिळणारी आरोग्यसेवा आज जशी आहे तशी अंतरामुळे झालेली नाही. ती पहिल्यापासून एक वाहतूक व्यवस्था म्हणून उभी राहिली. रुग्ण उचलायचा, दक्षिणेला न्यायचा, बरा झाला तर परत आणून सोडायचा. कुणी जायचं, कधी जायचं, सोबत कोण जाणार हे सगळं गावाबाहेर ठरतं. आणि ज्या मोजक्या ठिकाणी हे ठरवण्याचं काम गावाकडे आलं, तिथे किलोमीटर तेवढेच राहूनही बरंच काही बदललं.

आधी या अंतराबद्दलच थोडं. इन्युइट लोक पूर्वी शिकारीच्या हंगामाप्रमाणे फिरत. ते कायमच्या वस्त्यांत आले ते मुख्यतः १९५० आणि ६० च्या दशकांत, सरकारच्या आग्रहाने, क्वचित दडपणानेही. शाळा इथे, रेशन इथे, औषध इथे, तेव्हा तुम्हीही इथेच या. काहींना तर आणखी उत्तरेला नेऊन ठेवलं. १९५३ मध्ये क्वेबेकच्या उत्तरेतल्या इनुकजुआक गावातली कुटुंबं सरकारने जहाजात घातली आणि सुमारे दोन हजार किलोमीटर वर, ग्रीस फिओर्ड आणि रेझोल्यूट इथे उतरवली. तिथे हिवाळ्यात महिनोन्महिने सूर्य उगवत नाही. शिकारीची जनावरं वेगळी, बर्फ वेगळा. लोकांना सांगितलं होतं की शिकार मुबलक आहे आणि नाहीच जमलं तर परत आणू; परत आणलं नाही. शीतयुद्धाच्या काळात आर्क्टिकवर कॅनडाची मालकी दिसावी, हा त्यामागचा एक हेतू होता असं आता सर्रास मानलं जातं. सरकारने २०१० मध्ये माफी मागितली. ज्या माणसांना राज्याने स्वतःच्या सोयीसाठी जगाच्या टोकाला नेऊन ठेवलं, त्यांच्याच नातवंडांना आज दवाखान्यात सांगतात की बाबांनो, तुम्ही फार लांब राहता.

याच काळात एक जहाज दर उन्हाळ्यात आर्क्टिकच्या पूर्व किनाऱ्याने फिरत असे. त्याचं नाव ‘सी. डी. हाउ’. १९५० पासून १९६९ पर्यंत ही फेरी चालली. जहाजावर डॉक्टर, दंतवैद्य आणि एक्स-रे यंत्र. वस्तीजवळ नांगर पडला की लोकांना होडीने किंवा हेलिकॉप्टरने जहाजावर आणायचं, छातीचा फोटो काढायचा आणि क्षयाची लक्षणं दिसली तर त्या माणसाला तिथेच थांबवून घ्यायचं. कपडे घ्यायला, मुलांना कुणाच्या तरी स्वाधीन करायला, निरोप घ्यायलाही किनाऱ्यावर जाऊ देत नसत. आई जहाजावर राहिली आणि अंगावर पिणारं मूल किनाऱ्यावर, असंही घडलेलं आहे. १९५६ च्या सुमाराला दर सात इन्युइटांपैकी एक जण दक्षिणेतल्या कुठल्यातरी क्षय रुग्णालयात होता. हॅमिल्टनच्या एकाच सॅनेटोरियममध्ये १९५० च्या दशकाचा उत्तरार्ध आणि ६० च्या दशकाची सुरुवात या काळात बाराशेवर इन्युइट रुग्ण राहून गेले. भाषा येत नाही, जेवण ओळखीचं नाही, घरी कळवायची सोय नाही, आणि हे सरासरी दोन-अडीच वर्षं. काही जण तिथेच वारले आणि तिथेच पुरले गेले. गावी ना निरोप पोचला, ना थडगं कुठे आहे ते कळलं. २०१९ च्या मार्चमध्ये पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी इकालुइटला जाऊन याबद्दल माफी मागितली, आणि हरवलेल्यांची थडगी शोधण्यासाठी नोंदींचा एक संग्रह कुटुंबांना खुला झाला.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. क्षयाची ती साथ खरोखरच भीषण होती, जहाजाने अनेकांचे जीव वाचवले आणि स्ट्रेप्टोमायसिन त्या काळी रुग्णालयातच मिळायचं. त्या डॉक्टरांना मी खलनायक म्हणणार नाही. पण त्या जहाजाने घालून दिलेली रीत औषधं बदलल्यानंतरही टिकली. जहाज गेलं, विमान आलं. रुग्णाला त्याच्या माणसांतून उचलणं हेच उपचाराचं पहिलं पाऊल, हे गृहीतक मात्र तसंच राहिलं.

आणि क्षय? तो गेलेला नाही. २०१६ च्या आकड्यांनुसार इन्युइट मुलखात क्षयाचं प्रमाण कॅनडात जन्मलेल्या बिगर-आदिवासींच्या जवळपास तीनशे पट होतं. तीनशे टक्के नव्हे, तीनशे पट. २०१८ मध्ये सरकारने आणि इन्युइट संघटनेने मिळून २०३० पर्यंत क्षय संपवायचं जाहीर केलं. त्यानंतर २०२१ मध्ये पांगनिर्टुंग या वस्तीत नवा उद्रेक जाहीर करावा लागला. यामागे कुणी गूढ आनुवंशिक कारण शोधायची गरज नाही. २०२१ च्या जनगणनेत या मुलखातले निम्म्याहून अधिक इन्युइट दाटीवाटीच्या घरांत राहत होते. दोन खोल्यांत तीन पिढ्या, बाहेर उणे तीस, खिडकी उघडायची सोय नाही. एक जण खोकला की सगळं घर तो खोकला श्वासात घेतं. गिरणगावातल्या चाळींचा आणि क्षयाचा इतिहास ज्याने वाचलाय त्याला हे समजावून सांगायला नको. अशा आजारावर विमान हा उपाय कसा होणार? रुग्ण बरा होऊन त्याच खोलीत परत येतो.

आता जरा दक्षिणेला, ओंटारिओ आणि मॅनिटोबाच्या उत्तर भागात येऊ. हा क्री आणि अनिशिनाबे लोकांचा जंगल-सरोवरांचा प्रदेश. इथेही कित्येक गावांना बारमाही रस्ता नाही. हिवाळ्यात तळी गोठली की त्यांवरून ट्रक जातात, आणि हल्ली तो बर्फाचा रस्ता उशिरा तयार होतो, लवकर वितळतो. गावात असतं ते नर्सिंग स्टेशन. बहुतेक ठिकाणी ते केंद्र सरकार चालवतं. रात्री दोन वाजता धाप लागलेलं एखादं मूल तिथे आणलं की नर्स श्वास मोजते, वाफ देते, गरज वाटली तर एक्स-रेसुद्धा स्वतःच काढते आणि सू लुकआउट या छोट्या शहरातल्या डॉक्टरला फोन लावते. डॉक्टर पलीकडून ऐकतो, विचारतो, छातीचा आवाज कसा येतोय ते तिच्या शब्दांतून ऐकून ठरवतो. हलवायचं ठरलं की प्रांताच्या हवाई रुग्णवाहिकेला कळवायचं. विमान मोकळं असेल, वैमानिकांचे कामाचे तास उरलेले असतील आणि धुकं नसेल तर ते येतं. नाहीतर नर्स त्या मुलाजवळ बसून रात्र काढते. सकाळी ती झोपायला जाते, कारण कुठेतरी झोपायला हवं, आणि त्या दिवशी नियमित तपासणीला आलेले मधुमेहाचे पंधरा-वीस जण परत जातात. ही नर्स बहुधा काही आठवड्यांच्या पाळीवर आलेली असते. पुढच्या पाळीला दुसरी येते, आणि आजीबाई आपल्या पायाच्या जखमेची कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगतात.

कॅनडाच्या महालेखापालांनी २०१५ मध्ये या दोन प्रांतांतल्या दुर्गम आदिवासी गावांच्या आरोग्यसेवेची तपासणी केली. सरकारनेच सक्तीचे ठरवलेले पाच अभ्यासक्रम त्यांनी निवडले आणि ते किती नर्सनी पूर्ण केलेत ते पाहिलं. नमुन्यातल्या ४५ पैकी एका नर्सने. इमारतींमधल्या ज्या ३० त्रुटी आधीच लेखी नोंदवलेल्या होत्या, त्यांपैकी २६ दूर केल्याचा पुरावा खात्याला देता आला नाही. हे आकडे वाचताना नर्सचा राग येऊ नये. प्रशिक्षणाला जायचं तर तिच्या जागी उभं राहायला कुणी नसतं. आणि बर्फाळ प्रदेशातल्या अंतराने सरकारला इमारतीचं दार दुरुस्त करायला अडवलं होतं, असं तर कुणी म्हणणार नाही.

मग कशाने अडवलं? बिल कुणी भरायचं, या वादाने. कॅनडात आरोग्य हा प्रांतांचा विषय, पण आदिवासींची जबाबदारी घटनेने केंद्राकडे दिलेली. आदिवासींचं म्हणणं याहून जुनं आहे. १८७६ च्या सहाव्या तहात ब्रिटिश राजसत्तेने क्री लोकांना वचन दिलं होतं की प्रत्येक सरकारी एजंटाच्या घरी औषधांची पेटी ठेवली जाईल. वाटाघाटी करणाऱ्या क्री मुखियांनी त्याचा अर्थ घेतला तो असा: आम्ही जमीन वाटून घेऊ देतो, तुम्ही आमच्या आजारपणाची काळजी घ्याल. १९३५ मध्ये एका न्यायालयाने हा अर्थ बराचसा मान्य केला. १९६६ मध्ये सस्कॅचेवानच्या अपील न्यायालयाने मात्र पेटी म्हणजे पेटीच, असा निकाल दिला. सरकारने दुसरा निकाल उचलला. तेव्हापासून आदिवासींना मिळणारी औषधं, प्रवासखर्च, चष्मे हा हक्क नसून धोरण आहे, अशी भूमिका चालू आहे. धोरण बदलता येतं, कापता येतं, त्याची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरवता येते.

अशा फाइलीत अडकलेलं एक मूल आज कॅनडात सगळ्यांना नावानिशी माहीत आहे. जॉर्डन रिव्हर अँडरसन, मॅनिटोबातल्या नॉर्वे हाउस या क्री गावचा. १९९९ मध्ये गुंतागुंतीचा आजार घेऊन जन्मला, म्हणून विनिपेगच्या रुग्णालयात ठेवलं. दोन वर्षांचा झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता घरी न्यायला हरकत नाही. घरी लागणाऱ्या सोयींचा खर्च केंद्राने द्यायचा की प्रांताने, यावर दोन सरकारांचे अधिकारी दोन वर्षांहून जास्त काळ भांडत राहिले. न्हाणीच्या नळाच्या तोटीपर्यंत एकेका वस्तूवर चर्चा झाली. २००५ मध्ये तो रुग्णालयातच गेला. पाच वर्षांचा होता, घरात एक रात्रही राहिला नव्हता. २००७ च्या डिसेंबरमध्ये संसदेने एकमताने ठराव केला की आधी मुलाला सेवा द्या, भांडण नंतर करा. ‘जॉर्डनचं तत्त्व’ या नावाने हा ठराव ओळखला जातो. एकमताने झालेला ठराव आणि त्याची अंमलबजावणी यांत किती अंतर असतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको. सरकारने त्याची व्याख्या इतकी आखूड केली की कुणी त्यात बसेचना. शेवटी २०१६ मध्ये मानवी हक्क न्यायाधिकरणाला सांगावं लागलं की हा भेदभाव आहे. लक्षात घ्या, जॉर्डन मुळीच दुर्गम भागात नव्हता. तो विनिपेगमध्ये, उत्तम रुग्णालयात होता. त्याच्यापासून दूर होतं ते त्याचं घर.

दक्षिणेला पोचलं म्हणजे उपचार मिळालेच असंही नाही. २०२० मध्ये जॉइस एचाक्वान या अतिकामेक्व समाजाच्या तरुण आईने क्वेबेकच्या एका रुग्णालयातल्या खाटेवरून, मृत्यूच्या काही काळ आधी, आपल्याला शिव्या घालणाऱ्या कर्मचाऱ्यांचे आवाज फोनवरून थेट जगाला ऐकवले. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने या मृत्यूत वंशद्वेषाचा हात असल्याचं नोंदवलं. रुग्णालयाच्या दारापर्यंत येऊनही लोक परत का फिरतात, याचं उत्तर अशा घटनांत असतं, आणि १९४२ नंतर नॉर्वे हाउससारख्या गावांतल्या उपाशी लोकांवर, त्यांना न विचारता, जीवनसत्त्वांचे प्रयोग झाले होते, या आठवणीतही.

याच क्वेबेकमध्ये २०१८ पर्यंत आणखी एक नियम होता. सरकारी हवाई रुग्णवाहिकेत आजारी मुलासोबत आई किंवा बापाला बसू देत नसत. तीन-चार वर्षांचं इन्युइट किंवा क्री मूल, फ्रेंच वा इंग्रजी न कळणारं, स्ट्रेचरला बांधून एकटंच माँट्रियलला उतरायचं. तिथल्या बालरोग आकस्मिक विभागातल्या डॉक्टरांनी, त्यांत समीर शाहीन-हुसेन पुढे होते, जाहीर मोहीम उघडली तेव्हा कुठे काही महिन्यांत नियम बदलला. विमान तेच, वैमानिक तेच, अंतर तेवढंच. फक्त एक जागा आईला मिळाली. हे त्याआधीची कित्येक दशकं का जमलं नव्हतं, याचं मला सापडलेलं एकच उत्तर आहे: नियम करणाऱ्यांपैकी कुणाचंही मूल त्या विमानातून जाणार नव्हतं.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. १९७० च्या दशकापर्यंत उत्तरेत असा शिरस्ता पडला होता की बाळंतपण गावात होऊ द्यायचं नाही. छत्तिसावा-सदतिसावा आठवडा लागला की बाईला विमानात बसवायचं. ती शहरातल्या निवासात तीन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त, दिवस मोजत बसणार. घरी आधीची दोन-तीन मुलं, नवरा, म्हातारी सासू. बाळंतपणाच्या वेळी आपलं म्हणावं असं कुणी जवळ नाही. सोबत एक माणूस नेण्याचा खर्च प्रत्येक बाळंतिणीला मिळेल, हे केंद्राने मान्य केलं ते २०१७ मध्ये. आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी जाते. इथे तिला माहेर-सासर दोन्हींतून उचलून परमुलखात नेत.

क्वेबेकच्या उत्तरेला, हडसन उपसागराच्या काठावर पुविर्निटुक नावाचं गाव आहे. माँट्रियलपासून दीड हजार किलोमीटरच्या वर. सरकारशी झालेल्या १९७५ च्या करारानंतर या नुनाविक भागात आरोग्याचा कारभार हळूहळू स्थानिक मंडळांकडे आला होता. रुग्णालय बांधायचं ठरलं तेव्हा गावातल्या बायकांनी मागणी केली की बाळंतपणं इथेच व्हायला हवीत आणि ती करणाऱ्या आमच्यातल्याच हव्यात. १९८६ मध्ये तिथे प्रसूतिकेंद्र सुरू झालं. दक्षिणेतून प्रशिक्षित सुईणी आल्या, पण त्यांच्या कामात शिकवणंही होतं. गावातल्या तरुण इन्युइट बायका त्यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं शिकल्या, आणि सोबत गावातल्या म्हाताऱ्यांचं ज्ञानही घेतलं. गंमत म्हणजे तेव्हा क्वेबेकमध्ये सुईणीच्या व्यवसायाला कायद्याची मान्यताच नव्हती. ती १९९९ मध्ये मिळाली. ज्या इनुकजुआकमधून १९५३ मध्ये माणसं उचलली गेली होती, तिथे १९९८ मध्ये दुसरं केंद्र आलं. नंतर सालुइटमध्ये तिसरं.

पुविर्निटुकमध्ये सिझेरियनची सोय नाही. शस्त्रक्रियागृह गाठायचं तर माँट्रियल, हवामान ठीक असेल तर चार ते आठ तास. आपल्या शहरी डॉक्टरला हे ऐकूनच घाम फुटेल. तिथे ही जोखीम कशी सांभाळतात? गरोदरपणाचे बत्तीस-चौतीस आठवडे झाले की प्रत्येक बाईची फाइल एका समितीपुढे येते. समितीत डॉक्टर असतात, नर्स असतात, पण प्रमुख सुईण असते. या बाईला आधीच्या वेळी रक्तस्राव झाला होता का, बाळ आडवं आहे का, रक्तदाब कसा आहे, हे तर पाहतातच. त्याबरोबर हेही पाहतात की ती महिनाभर गेली तर घरच्या मुलांचं काय होईल, नवरा दारू पितो का, मागच्या वेळी दक्षिणेहून परतल्यावर ती किती दिवस कुणाशी बोलली नव्हती. दक्षिणेतल्या प्रसूतिशास्त्राच्या तक्त्यात या गोष्टींना रकाना नाही. इथे त्या जोखमीच्याच यादीत आहेत. मग ठरतं, इथे की तिथे. काही बायका आजही माँट्रियलला जातात, जायलाच हव्यात. पण बहुसंख्य बाळंतपणं नुनाविकमध्येच होतात. अनेक वर्षांच्या प्रसिद्ध अभ्यासांत त्यांचे निष्कर्ष चांगले निघाले आहेत. सिझेरियनचं प्रमाण तिथे अगदी नगण्य, तर कॅनडात एकूण चारांत एकाहून जास्त.

या उदाहरणावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. बाळंतपण हा आजार नव्हे, म्हणून जमलं. पाचशे वस्तीच्या गावात हृदयाची शस्त्रक्रिया करणार आहात का? डायलिसिसचं यंत्र ठेवणार आहात का? नाही. काही प्रवास अटळ आहेत आणि अटळच राहतील. पण प्रश्न विमान असावं की नसावं असा नाहीच. आपल्या मूत्रपिंडाच्या आजारासाठी विनिपेगला जाऊन राहावं लागणाऱ्या माणसाचा मधुमेह दहा वर्षांपूर्वी, गावात, कुणाच्या नजरेखाली होता, हे विचारायला हवं. पाळीवर आलेल्या सोळाव्या नर्सच्या नजरेखाली तो असू शकत नाही.

आणखी एक, थोडा अडचणीचा मुद्दा. नुसती सत्ता हातात आली म्हणून हे घडत नाही. नुनावुट १९९९ मध्ये वेगळा प्रदेश झाला, तिथलं सरकार इन्युइट बहुमताचं आहे. तरीही त्याच्या आरोग्य केंद्रांतल्या नर्स आजही मुख्यतः दक्षिणेतून येतात, आणि २०२१-२२ मध्ये त्या पुरेशा न मिळाल्याने काही केंद्रांवर फक्त तातडीच्या सेवा ठेवण्याची वेळ आली. राज्य मिळालं, पण माणसं घडवायला लागणारी पंचवीस-तीस वर्षांची चिकाटी आणि पैसा त्यासोबत आला नाही. सू लुकआउटचा इतिहासही हेच सांगतो. त्या छोट्या शहरात दोन रुग्णालयं होती: एक केंद्राचं, आदिवासींसाठी, दुसरं प्रांताचं, शहरातल्या गोऱ्यांसाठी. १९८८ च्या जानेवारीत सँडी लेक या गावचे जोसायस फिडलर आणि त्यांचे सोबती केंद्राच्या रुग्णालयातच उपोषणाला बसले. हे हत्यार आपल्या ओळखीचं. त्यातून चौकशी मंडळ नेमलं गेलं, आदिवासींचं स्वतःचं आरोग्य प्राधिकरण झालं, दोन्ही रुग्णालयं एक झाली, २०१० मध्ये नवी इमारत उभी राहिली. आता तिथे रुग्णाला मूस हरणाचं मांस मिळतं आणि दुभाषे असतात. एवढं व्हायला उपोषणानंतर बावीस वर्षं लागली. आणि वर उत्तरेच्या नर्सिंग स्टेशनांची अवस्था महालेखापालांनी २०१५ मध्ये काय पाहिली, ते आधी सांगितलंच.

माणसं घडवण्याचं काम शेजारच्या अलास्काने जास्त मन लावून केलं. तिथेही १९५० च्या दशकात क्षयाचीच साथ होती. गोळ्या रोज, महिनोन्महिने द्यायच्या, म्हणून गावोगावच्या काही जणांना ते काम शिकवलं. त्यातून १९६८ मध्ये रीतसर योजना झाली. गावाने आपल्यातला माणूस, बहुधा बाई, निवडायचा. तिने काही आठवड्यांची प्रशिक्षणं टप्प्याटप्प्याने घ्यायची. लक्षणांवरून काय विचारायचं आणि काय करायचं हे सांगणारी एक जाडजूड पुस्तिका हाताशी ठेवायची. सुरुवातीला ती ठरलेल्या वेळी रेडिओवर डॉक्टरशी बोलायची, आणि शेजारच्या गावातलेही ते ऐकायचे. आज दीडशेहून जास्त गावांत अशा आरोग्य सहायिका काम करतात. त्या थकतात, सोडून जातात, रात्रंदिवस दारावर थाप पडते म्हणून वैतागतात. पण त्या जातात तेव्हा दुसरी बाई गावातूनच येते.

गडचिरोलीच्या वाचकाला हे सगळं ओळखीचं वाटेल. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या अल्पशिक्षित बायकांना नवजात बाळांचा जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवलं, तेव्हा त्यावर आक्षेपही असेच होते. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले: नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट. जामखेडला आरोळे दांपत्याने त्याआधीच हा रस्ता चालून दाखवला होता. अर्थात त्याच रस्त्यावरच्या आपल्या आशाताईंना मानधनासाठी आझाद मैदानात बसावं लागतं, तेव्हा कॅनडाकडे बोट दाखवताना हात थोडा आखडता घ्यावा.

कॅनडाने अशी माणसं कधी घडवलीच नाहीत असं नाही. १९७२ मध्ये केंद्र सरकारने वायव्य प्रदेशातल्या फोर्ट स्मिथला दंतोपचारकांची शाळा काढली होती. पूर्ण दंतवैद्य नव्हेत, पण दात भरणं, काढणं, मुलांच्या दातांची निगा हे शिकलेली माणसं. त्यांतले अनेक आदिवासी, आपल्याच भागात काम करणारे. पुढे ही शाळा सस्कॅचेवानात प्रिन्स अल्बर्टला हलली. अलास्काने हाच विचार २००३ च्या सुमाराला उचलला, आपली मुलं शिकायला न्यूझीलंडला पाठवली, अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेने त्यावर खटला भरला आणि २००७ मध्ये संघटना हरली. त्यानंतर चार वर्षांनी, २०११ मध्ये, कॅनडाने पैसे देणं थांबवलं आणि प्रिन्स अल्बर्टची शाळा बंद पडली. २०२३ मध्ये सस्कॅचेवानात उत्तरेच्या आदिवासी आरोग्य प्राधिकरणाच्या सहभागाने हा अभ्यासक्रम पुन्हा सुरू झाला. मधली बारा वर्षं उत्तरेतल्या लहान मुलांचे किडलेले दात दक्षिणेतल्या रुग्णालयांत, पूर्ण भूल देऊन काढले जात होते, आणि त्यांच्या विमानाचं भाडं तेच केंद्र सरकार भरत होतं.